पुण्याची सरासरी

पाप सोडणं कष्टाचं काम. त्यापेक्षा एखाद्या पुण्यवानाशी सोयरीक जुळवावी, हे युरोपातल्या मोटार कंपन्यांना फार लवकर उमगलं. तिथे कंपनीने वर्षभरात विकलेल्या नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी काढतात. मर्यादा ओलांडली की दर जादा ग्रॅमला, दर गाडीमागे 95 युरो दंड. म्हणून 2019 मध्ये फियाट क्रायस्लरने विजेच्या गाड्या बनवणाऱ्या टेस्लाला पैसे मोजले आणि दोघांच्या गाड्या एकाच खात्यावर मांडल्या. इंजिनं तीच, धूर तोच. कागद तेवढा सोवळ्यात. टेस्लाचंही बरं चाललंय. गाडी गिऱ्हाइकाला विकायची, तिचं पुण्य स्पर्धकाला! 2024 मध्ये जगभरातल्या या पुण्यविक्रीतून तिने 2.76 अब्ज डॉलर कमावले.

सोयरीक नको असेल तर दत्तकविधान आहेच. जेम्स बाँडची गाडी बनवणाऱ्या अ‍ॅस्टन मार्टिनने 2011 मध्ये टोयोटाची चिमुकली ‘आयक्यू’ घरी आणली, तिचं नाक बदललं, आत उंची चामडं चढवलं, ‘सिग्नेट’ असं बारसं केलं आणि किंमत जवळपास तिप्पट लावली. घराण्याची सरासरी खाली ओढायची, एवढंच तिचं अवतारकार्य. गिऱ्हाईक काही फसलं नाही. 2013 मध्ये गाशा गुंडाळला.

2025 मध्ये युरोपने मर्यादा आणखी आवळली. कंपन्यांनी गळा काढला, तशी ब्रुसेल्सने सवलत दिली: 2025 ते 2027 अशी तीन वर्षांची सरासरी दाखवा, चालेल. आमच्याकडे इंजिनिअरिंगची पोरं याला एटीकेटी म्हणतात.

आपणही मागे नाही. भारतातल्या अशाच सरासरीच्या नियमात एक विजेची गाडी तीन गाड्या म्हणून मोजतात. शिवाय ताफा जितका वजनदार, तितकी मर्यादा सैल. म्हणजे अंग वाढवा, सूट मिळवा. नव्या नियमांच्या सप्टेंबर 2025 च्या मसुद्यात 909 किलोपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली, तर मारुती खूश आणि टाटा-महिंद्रा नाराज. ज्याच्या कारखान्यात जे बनतं, ते त्याला पर्यावरणाच्या हिताचं वाटतं.

तेव्हा विजेची गाडी घेतलेल्या वाचकांनी शोरूममध्ये जाऊन कमिशन मागावं. तुमच्या गाडीच्या आडोशाने कंपनीला डिझेलच्या आणखी काही धिप्पाड गाड्या बिनदंड विकता आल्या आहेत.