ड्रायव्हरला झोपू द्या

लांबच्या प्रवासात गाडी चालवणाऱ्याला झोप लागू नये म्हणून बरोबरचे लोक त्याला काय काय देतात. चिंगम देतात, लवंग देतात, ओला रुमाल देतात, काच खाली करायला लावतात, गाण्यांचा आवाज वाढवतात. झोप तेवढी देत नाहीत. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती घरात अनेकदा करून झाली आहे.

यातला कुठलाही इलाज फार वेळ टिकत नाही. गार वारा लागला की थोडा वेळ तरतरी वाटते, मग डोळे पुन्हा जड होतात. कॉफीचं जरा वेगळं आहे. ती खरंच उपयोगी पडते, पण अंगात भिनायला अर्धा तास तरी जातो. म्हणून कॉफी प्यावी, गाडी सुरक्षित जागी लावावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटावेत. जाग येते तोवर कॉफी चढायला लागलेली असते. चांगला तासभर झोपलं तर उठल्यावर डोकं बधिर राहतं, तेव्हा किल्ली फिरवायच्या आधी थोड्या येरझाऱ्या घालाव्यात. हे मी गाडीत बोललो की मागून आवाज येतो, "अहो, शिर्डी आलीच की आता. तिथे पोचून झोपा निवांत."

बाहेरच्या पाटीवर शिर्डी नव्वद किलोमीटर असते. आणि बोलणारी व्यक्ती पाटी न वाचताच पुन्हा झोपी जाते. मध्येच जाग आली की ती विचारते, "झोप नाही ना येत?" या प्रश्नाला माणूस नेहमी "नाही" म्हणतो, आणि ते उत्तर भरवशाचं नसतं. दोन-चार सेकंदांची डुलकी लागून गेलेली ज्याची त्याला कळतच नाही. मागचा पूल कधी गेला हे आठवत नसेल, गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकत असेल, तर झोप आलेली आहे, तोंडाने काहीही म्हणा.

समृद्धी महामार्गावर हे फार जाणवतं. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे, 701 किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला आणि रस्ता सलग झाला. रस्ता उत्तम आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सिग्नल नाही, दुचाकी नाही, रिक्षा नाही, गाव लागत नाही. जुन्या रस्त्यावर गतिरोधक, उसाचे ट्रॅक्टर आणि आठवडी बाजार ड्रायव्हरला जागं ठेवायचे. इथे हातापायांना कामच उरत नाही. कारला ताशी 120 ची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला 33 मीटर. चार सेकंद डोळे मिटले तर गाडी 130 मीटर कुणी न चालवता जाते.

तरीही आमच्याकडे निघायची वेळ ठरते पहाटे तीनची. "रस्ता मोकळा मिळतो." मोकळा मिळतो हे खरं, पण पहाटे दोन ते पाच हीच शरीराची गाढ झोपेची वेळ. त्यात आदल्या रात्री बॅगा भरत बारा वाजलेले असतात, आणि डिकीत त्या रचायला गाडी चालवणाऱ्यालाच बोलावतात.

बरं, थांबायचं ठरवलं तरी थांबू देत नाहीत. एका फूड मॉलच्या पार्किंगमध्ये मी सीट मागे करून डोळे मिटले होते, तर वॉचमनने काठीने काच वाजवली. "साहेब, जेवण झालं असेल तर गाडी काढा." अर्धं पार्किंग रिकामं होतं. तिथे खेळणी होती, कुल्फी होती, सेल्फीसाठी रंगवलेली बैलगाडी होती. मालकाने चार गाड्यांपुरत्या जागेवर छप्पर घालून "ड्रायव्हर विश्रांती" अशी पाटी लावली असती तर खर्च किती आला असता?

मी निदान घरचा माणूस आहे, चिडू शकतो. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर तेही करू शकत नाही. 2025 पर्यंत अमलात असलेल्या 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. पण तो लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला. एकच गाडी असलेल्या माणसाला तो शिवत नव्हता. हा माणूस रात्रभर गाडी चालवून वऱ्हाड कार्यालयात पोचवतो. "जेवून घे हं," असं त्याला सगळे आग्रहाने सांगतात. झोपून घे असं कुणी सांगत नाही. उलट दिवसभर फोन: हार आणायचे राहिले, मामांना स्टेशनवरून घे, केटररकडे बर्फ पोचव. संध्याकाळी पाठवणी झाली की त्याच माणसाच्या भरवशावर आपण लेकराबाळांना घेऊन परत निघतो.

कार्यालयातल्या खोल्यांची वाटणी करताना त्याच्यासाठी एक खोली आधी बाजूला काढा. गादी, पंखा, आतून कडी. आणि हार आणायला दुसरं कुणीतरी पाठवा.