काठापर्यंत पुरण

पुरणपोळी पानात पडली की आई मधला भाग बघायचीच नाही. काठ दोन बोटांत धरून जरासा मोडायची. तिथे पुरण दिसलं तर पुढचा घास. नुसती कणीक निघाली तर बोलायची काही नाही, पण दुसरी पोळी घ्यायची नाही. "मधोमध काय, कुणीही भरतं," हे घरी येताना रिक्षात. केर काढलेली खोलीसुद्धा ती कोपऱ्यांवरून पास-नापास करायची.

असे संस्कार झालेल्या माणसाने वाइड अँगल लेन्सच्या नादी लागू नये. मी लागलो.

माझ्याकडे हॅसलब्लाड आहे, सेकंडहँड. त्यात १२० फिल्म जाते. कोडॅकने ती १९०१ साली आणली आणि ती अजून मिळते. माझ्या दोन वर्षांपूर्वीच्या मोबाइलचा चार्जर मिळत नाही. रोलमध्ये बारा फोटो, प्रत्येक साधारण ५६ मिलिमीटरचा चौरस. छोट्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स म्हणजे साधीसुधी नेहमीची. या चौरसावर मात्र तीच वाइड होते आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे ७५ अंश बघते. माझी ५० म्हणजे झाइसची डिस्टागॉन, जुन्या घडणीची, हातात घेतली की वरवंट्याची आठवण व्हावी अशी.

वाइड लेन्सला खरं तर फिल्मला खेटून बसायचं असतं. पण मध्ये आरसा. फोटो घेताना तो वर उडतो, त्याला जागा हवी, म्हणून लेन्सने लांब उभं राहायचं आणि तिथून जवळ असल्यासारखं काम करायचं. सासरी राहून माहेरचंही सगळं बघणाऱ्या बाईची होते तशी ओढाताण. ती दिसते कोपऱ्यांत. बिओगॉन नावाच्या लेन्समध्ये हा त्रास नाही, कारण ती फिल्मला अगदी चिकटून बसते. लुडविग बेर्टेलेने ती आखली, आणि हॅसलब्लाडने १९५४ साली तिच्यासाठी आरसाच नसलेला कॅमेरा काढला. म्हणजे सुनेला वळण लावण्याऐवजी सासरच बदललं. असं शहाणपण घराघरांत नसतं, आणि तो कॅमेरा मला परवडतही नाही.

शिवाय कोपऱ्याचे इतरही भोग आहेत. तिथे प्रकाश तिरका आणि कमी पोचतो. पंगतीत वाढपी शेवटच्या पानाशी येईपर्यंत जिलब्या संपलेल्या असतात आणि पातेल्यात पाक उरतो, तसं. अ‍ॅपर्चर एफ ४ ला उघडं ठेवलं तर कोपरे विरघळतात. एफ ८, एफ ११ ला सावरतात. एफ २२ पर्यंत बारीक करत नेलं तर बारक्या भोकातून जाताना प्रकाशच फाकतो आणि मधलाही भाग मऊ पडतो. कोपऱ्याचं भलं करायला निघालो तर सगळ्यांचंच वाटोळं.

तर जुन्या लेन्सच्या जागी तिचीच पुढची आवृत्ती घ्यावी असं मनात आलं. तिच्यात काही भिंगं आतल्या आत सरकतात. जवळच्या वस्तूचा फोटो घेताना वाइड लेन्सचे कोपरे जास्त बिघडतात, ते ही सरकती भिंगं सांभाळून घेतात. मुंबईला फोर्टातल्या एका दुकानदाराने आठ दिवसांची मुदत दिली. "नाही पटली तर परत आणा, साहेब." चपला घेतानाही एवढी मुदत मिळत नाही.

परीक्षेला सपाट भिंत लागते. आमच्या सोसायटीच्या मागे विटांची एक आहे. कॅमेरा तिला समांतर हवा, त्यासाठी जुनी युक्ती आहे: भिंतीवर मधोमध लहानसा आरसा चिकटवायचा आणि त्यात आपल्याच लेन्सचा डोळा काचेच्या मध्यभागी दिसेपर्यंत ट्रायपॉड सरकवत राहायचं. मग चार कोपऱ्यांत बारीक छपाईचं काहीतरी. जाणकार लोक अमेरिकन हवाई दलाचा १९५१ सालचा तक्ता वापरतात, तीन-तीन रेघांचे गट बारीक होत गेलेले. मी मराठी वर्तमानपत्र वापरलं, आणि माझ्या मते ते जास्त कडक परीक्षक आहे. बातमीतला अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. दोन मीटरवरून ५० च्या लेन्सने टिपला की फिल्मवर तो चाळीस पट लहान होतो, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. दहा पट मोठं दाखवणाऱ्या लूपमधून कोपऱ्यातला अनुस्वार दिसला तर लेन्स उत्तम. रफार दिसला आणि अनुस्वार गेला तर बरी. शिरोरेघच तेवढी उरली तर फोर्टात परत.

दोन मीटरवरून चौकट सव्वादोन मीटर उंचीची होते. वरचे कागद लावायला स्टूल लागलं, स्टूल धरायला वॉचमन. हे चालू असताना तळमजल्यावरचे काका आले.

"मोजणी का?"

"नाही, लेन्स तपासतोय."

"भिंतीला काही झालंय?"

"भिंत ठीक आहे. कोपरे बघतोय."

काकांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीत सर्वांना कळलं की रीडेव्हलपमेंटचा सर्व्हे झाला, कोपऱ्यांत काहीतरी लफडं आहे आणि चेअरमननी ते लपवलंय. रात्री चेअरमन स्वतः आले. त्यांना चहा देऊन फील्ड कर्व्हेचर समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच्या इंजिनिअरला बोलावलं.

रोल धुऊन आला. लाइट टेबलवर निगेटिव्ह ठेवली, लूप डोळ्याला लावला. आधी कोणता कोपरा कोणता, हेच कळेना. या कॅमेऱ्यात वरून वाकून बघताना डावं उजवीकडे दिसतं, फिल्मवर सगळं उलटं पडतं, आणि निगेटिव्ह पालथी ठेवली तर अजून एक कोलांटी. नशिबाने हॅसलब्लाडच्या चौकटीच्या एका काठाला दोन बारीक खाचा येतात, त्यावरून घर लागलं. जुन्या लेन्सने एफ ४ ला कोपऱ्यात 'वधू पाहिजे' की 'वर पाहिजे' एवढंही कळू दिलं नव्हतं. ते अपेक्षितच होतं. धक्का नव्या लेन्सचा होता. तिच्या कोपऱ्यात तर 'पाहिजे'सुद्धा दिसत नव्हतं.

दोन दिवस मी बाजारावर, काळावर आणि मनुष्यस्वभावावर नाराज होतो. दुकानदाराला सुनवायची वाक्यंही जुळवून ठेवली. तिसऱ्या दिवशी बायको लेन्स पुसत होती. (मी पुसू देत नाही, पण मी नाराज असलो की ती काहीतरी पुसतेच.) म्हणाली, "अहो, ही पुढची रिंग वेगळीच फिरते. हिच्यावर वेगळे आकडे आहेत."

सरकती भिंगं आपोआप सरकत नाहीत. फोकस करण्याआधी पुढच्या रिंगवर अंतराचा टप्पा हाताने लावायचा असतो, लांबचं की जवळचं ते. मी ती अनंतावर ठेवून दोन मीटरवरच्या भिंतीचा फोटो घेतला होता. दुकानदारासाठी जुळवलेली वाक्यं तशीच पडून आहेत, पुढेमागे उपयोगी येतील.

दुसरा रोल घेतला तेव्हा काका खिडकीतूनच बघत होते. या वेळी कोपऱ्यातले अनुस्वार मोजून घेतले. नवी लेन्स एफ ५.६ लाच जे दाखवते त्यासाठी जुनीला एफ ११ पर्यंत जावं लागतं. आईने दुसरी पोळी घेतली असती.

इथे थांबायला हवं होतं. पण एकदा लूप हातात आला की माणूस जुन्या पापांकडे वळतो. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर मी एका पहाटे फोटो काढला होता, जुन्याच लेन्सने, उजेड कमी म्हणून एफ ४ ला. घरातला तो सगळ्यांत आवडता फोटो, दिवाणखान्यात लावलाय. घाटाच्या पायऱ्या, कृष्णेचं पाणी, वर देवळापाशी वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. त्याचे कोपरे मी कधी पाहिलेच नव्हते, आता एकेक बघितले. वरचा डावा: आकाश. वरचा उजवा: आकाश आणि थोडी पानं. खालचा डावा: पाणी. खालच्या उजव्या कोपऱ्यात एक बादली. धुणं धुणाऱ्या बाईंची असणार, बाई स्वतः चौकटीबाहेर. बादली मऊ आहे, कडी दिसत नाही. एवढी वर्षं फोटो भिंतीवर आहे, शेकडो माणसं त्याच्याखाली बसून पोहे खाऊन गेली, कुणीही बादलीची कडी विचारली नाही.

आणि भिंत ही तशी अन्यायी परीक्षा. लेन्सचं स्पष्टतेचं प्रतल पुष्कळदा ताटासारखं सपाट नसतं, वाटीसारखं किंचित वाकलेलं असतं. चेअरमनना समजावलेलं फील्ड कर्व्हेचर ते हेच. भिंत सपाट, म्हणून वाटीचे काठ भिंतीतून निसटतात आणि आपण म्हणतो कोपरे गेले. घाटावर पायऱ्या जवळ, देऊळ लांब. तिथे वाटीचा काठ एखाद्या जवळच्या पायरीवर अचूक टेकतोही. जुन्या लेन्सची वाटी मेणवलीच्या मापाची होती, सोसायटीच्या भिंतीच्या नव्हती, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग नवी परत करा."

नवी परत केली नाही. आठ दिवस उलटले.

म्हणून, जुनी द्यायची आहे. डिस्टागॉन ५० मिलिमीटर, एफ ४, काच स्वच्छ, बुरशी नाही, शटर वेळेवर. कोपरे एफ ११ ला चारही उत्तम. एफ ४ चं विचारू नये. बघायला यायचं असल्यास संध्याकाळी सहानंतर यावं, आणि गेटवर वॉचमनने विचारलं तर भिंतीचं नाव काढू नये.