मधल्या कार्डाचा सौदा

१९९८ साली सरकारनं तीन गावं एका दाव्याला बांधून सांगली-मिरज-कुपवाड महापालिका केली आणि ग्राफिक्स कार्डांची उतरंड आम्हाला तेव्हाच समजावून दिली. सांगली म्हणजे फ्लॅगशिप: पाटीवर पहिली, फोटोत पुढं. मिरज म्हणजे मिडरेंज: दवाखाने, जंक्शन, सतारी, सगळा कामाचा ऐवज, पण मिरवायची वेळ आली की नाव सांगलीचं. कुपवाड खोक्याच्या तळाशी बारीक टायपात. त्यामुळं इथल्या पोरानं “पप्पा, मिडरेंज कार्ड पायजे” म्हटलं, की त्यानं थेट मिरजेपर्यंत झेप घेतली असं समजावं.

आमच्या गल्लीतल्या पोरानं ती घेतली. बजेट पंचवीस हजार ठरलं. म्हणजे पोरानं तीस मागितले, आईनं वीस सांगितले आणि वडील गप्प बसले; त्याचा अर्थ पंचवीस असा लावण्यात आला.

मग पोरगं रात्रभर यूट्यूबवर. पंचवीसच्या आसपास रेडिऑन ७६०० बसत होतं. पण तिथला तज्ज्ञ म्हणाला, थोडे टाका, आरटीएक्स ५०६० येईल. ते बघेपर्यंत दुसरा म्हणाला, टाकताच आहात तर ‘टीआय’ घ्या. तिसऱ्यानं दम दिला की आठ जीबीचं टीआय घेणारा मूर्ख, सोळाचंच घ्यावं. सोळाची किंमत बघितल्यावर चौथा म्हणाला, एवढ्यात आलात तर ५०७० काय लांब आहे? पहाटेपर्यंत बजेट दुप्पट झालं होतं आणि पैसे होते तेवढेच होते. मिडरेंजची माझी व्याख्या यातूनच निघाली: खिशात जेवढे आहेत त्याच्या चार हजार वरचं, ते मिडरेंज.

नावांचा घोळ तर बारशाला आलेल्या सगळ्या आत्यांनी मिळून घालावा असा. एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टीआय आलं ते एकाच नावानं दोन: आठ जीबीचं ३७९ डॉलरला, सोळाचं ४२९ला. ही खोड जुनीच. २०१६ च्या जीटीएक्स १०६० चेही तीन जीबी आणि सहा जीबी असे दोन अवतार होते. धाकट्याची नुसती मेमरीच कमी नव्हती, आतले कोरही १२८० चे ११५२ केलेले. नाव मात्र तेच. २०२२ मध्ये तर ही कार्डं काढणाऱ्या एनव्हिडियानं बारा जीबीचं ४०८० जाहीर केलं, गिऱ्हाइकांनी एवढी बोंब मारली की विक्रीआधीच मागं घेतलं, आणि पुढच्या जानेवारीत तेच कार्ड ४०७० टीआय म्हणून आलं. शंभर डॉलरनं स्वस्त! नाव बदलल्यावर भाव उतरला असं आपल्याकडं फक्त निवडणुकीनंतर होतं.

वडील कुपवाड एमआयडीसीत बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला कामाला. पोराबरोबर ते आणि मी दुकानात गेलो. काउंटरवर खोकं आलं तसं त्यांनी सवयीनं म्हटलं, “फोडा.”

“फोडलं की रिटर्न न्हाई, काका.”

“आमच्यात बॉक्स फोडून माल बघितल्याबिगर बोली लागत न्हाई.”

“ह्यात आत बघून काय कळणार?”

“मग बाहेरनं तरी काय कळतंय?”

या प्रश्नाला दुकानदारानं चहा मागवला. मला विचाराल तर एवढा नेमका सवाल त्या रात्रभरच्या चार तज्ज्ञांपैकी एकालाही सुचला नव्हता.

चहाबरोबर सेकंडहँडचा विषय निघाला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनानं कार्डांवर चालणारी मायनिंगची पद्धतच बंद केली आणि कार्डांच्या फौजा एका रात्रीत बेरोजगार झाल्या. त्यातली बरीच जुन्या बाजारात उतरली. वर्षभर रात्रंदिवस तापलेलं कार्ड, आणि जाहिरातीत ‘घरगुती वापर, एकदाही गेम खेळलेला नाही’. यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं.

मग इंटेलचं आर्क बी५८० आलं काउंटरवर. डिसेंबर २०२४ चं, अमेरिकेत २४९ डॉलर, मेमरी बारा जीबी. कमी पैशात जास्त माल, वडिलांची मान हलली. दुकानदारानं विचारलं, “मदरबोर्ड कितव्या पिढीचा?” पोरगं म्हणालं, “सातव्या.” या कार्डाला ‘रिसायझेबल बार’ लागतो, तो नसला की ते रडत चालतं, आणि सातव्या पिढीवर त्याचा भरवसा नाही. म्हणजे मदरबोर्ड नवा, प्रोसेसर नवा, रॅम नवी. शिवाय वीज पुरवणारा एसएमपीएस लोकल, तोही बदला. मूळचं खोकं या यादीत कुठं होतं ते शोधावं लागलं.

“खेळतोस काय तू पण?” वडिलांनी पहिल्यांदाच विचारलं.

“व्हॅलोरंट.”

आता व्हॅलोरंट काढणाऱ्या रायट कंपनीची स्वतःची यादी आहे: सेकंदाला साठ फ्रेमसाठी जीटी ७३०, आणि १४४ साठी जीटीएक्स १०५० टीआय. पहिलं कार्ड २०१४ चं, दुसरं २०१६ चं. पोराचा मॉनिटर साठ हर्ट्‌झचा. कार्डानं तीनशे फ्रेम ओतल्या तरी पडद्यावर साठच उतरणार. हे मी हळूच सांगितलं. तिघांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू लग्नाच्या बैठकीत मी हुंड्याविरुद्ध बोललो.

“व्हॅलोरंटसाठी न्हाई ओ,” पोरगं म्हणालं, “जीटीए सहा येणाराय. त्यासाठी.”

“मग ह्यावर चालंल ना?” वडिलांनी दुकानदाराला विचारलं.

दुकानदार प्रामाणिक निघाला. “काका, त्यो जाहीर झालाय प्लेस्टेशन पाच आणि एक्सबॉक्ससाठी. कॉम्प्युटरचं अजून कंपनी बोललेली न्हाई.”

वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला, पोराकडं बघितलं, मग शोकेसकडं.

“त्यो प्लेस्टेशन केवढ्याला बसतोय?”

दुकानदारानं कॅल्क्युलेटरवरचा आकडा पुसला.