गृहस्थाश्रमातील धनुर्धर

पुण्यातील सहकारी गृहरचना संस्थांतून पहाटे शंख फुंकणारे, दुपारी तबल्यावर हात साफ करणारे आणि रात्री दहानंतर कपाटे सरकविणारे सभासद परस्परांविरुद्ध तक्रारी नोंदवीत आजवर गुण्यागोविंदाने नांदत आले आहेत. परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंड धनुष्याची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकल्याचे वर्तमान येऊन थडकल्यापासून या मंडळीत एका नव्या वर्णाची भर पडली आहे, आणि तो वर्ण म्हणजे घरगुती धनुर्धर. हे गृहस्थ बहुधा नुकतेच सेवानिवृत्त झालेले असतात. सारी हयात फायलींवर शेरे मारण्यात गेल्यामुळे नेम धरण्याच्या क्रियेशी त्यांचा संबंध एरवी कनिष्ठ कारकुनापुरताच आलेला असतो. यांपैकी ज्यांच्याशी माझा निकट परिचय आहे, ते आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात.

धनुष्य त्यांनी एका दुपारीत घेतले. वीस पौंड ताणाचे, तीन तुकड्यांत सुटे होणारे, नवशिक्याला साजेसे ते धनुष्य होते व त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. लक्ष्य कोणते घ्यावे या प्रश्नावर मात्र त्यांनी जी मसलत आरंभिली तिला तोड शोधावयाची तर पेशवे दफ्तरच चाळावे लागेल. कारण लक्ष्याने बाण अडवावा एवढ्यावर त्यांचे भागणार नव्हते, त्याने तो अडविताना चकार शब्द काढू नये अशी अट होती, आणि ही अट मूळची त्यांची नसून खालच्या मजल्यावरील वकीलसाहेबांची होती.

वकीलसाहेब शब्दवेधी आहेत. दशरथाने अंधारात घागर बुडण्याचा आवाज ऐकून बाण सोडला, तद्वत वकीलसाहेब वामकुक्षीत डोळे मिटलेले असताना वरच्या मजल्यावर पळी पडली की झारा हे ओळखून चिटणीसांच्या नावे अर्ज सोडतात. धनुर्धरांच्या पहिल्याच बाणाची फिर्याद दाखल झाली, तीत बाणाची वेळ तर होतीच, पण तो कोणत्या भिंतीवर व किती उंचीवर लागला हेही नमूद होते.

या बाबतीत प्राचीनांची मोठी सोय होती. गांडीवाच्या टणत्काराने शत्रूची गाळण उडे, आणि ती उडावी हाच टणत्काराचा हेतू असे. एकलव्याने तर भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड, त्याला इजा न करता, सात बाणांनी बंद केले, म्हणजे त्या काळी बाण हे गलबला थांबविण्याचे साधन होते. आमच्या धनुर्धरांवर बाणाचाच गलबला थांबविण्याची पाळी आली. प्रत्यंचेला दोन्ही टोकांशी लोकरीचे गोंडे बांधून त्यांनी टणत्काराचा बंदोबस्त केला, व मग ते रणभूमीकडे वळले.

शेजघरातील पलंगाच्या उशापासून दिवाणखान्याच्या खिडकीपर्यंत सरळ रेषेत सहा मीटर भरतात. बंदिस्त जागेतील स्पर्धेत १८ मीटरांवरून ४० सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यपत्रावर बाण मारतात. यांनी त्रैराशिक मांडून १३ सेंटिमीटरांहून किंचित मोठे वर्तुळ कंपासाने काढले, तेव्हा दहा गुणांचा पिवळा मध्य सदऱ्याच्या गुंडीएवढा आला. बाणाच्या वाटेत न्हाणीघराचे दार येत असल्याने सरावाच्या वेळी त्यास बाहेरून कडी घालावी, असा हुकूम त्यांनी काढला होता, परंतु त्याच्या पहिल्याच अंमलबजावणीच्या वेळी वहिनी आत असल्यामुळे तो त्याच दिवशी मागे घ्यावा लागला.

प्रथम फोमचा ठोकळा आला. थरावर थर दाबून केलेला हा ठोकळा बाणाला घर्षणाने पकडतो व पकडल्यावर सोडण्याचे नाव काढीत नाही. बाणाला साबण चोळून, ठोकळ्याला गुडघा लावून ओढावे तेव्हा तो कसाबसा सुटे, आणि सुटताच धनुर्धर मागच्या कपाटावर आदळत, तो आवाज स्वतंत्र अर्जाचा विषय झाला. पुठ्ठ्यांच्या चळतीने प्रत्येक बाणाला खणखणीत टाळी दिली. भाताच्या पेंढ्याचे लक्ष्य स्वभावाने शांत होते, पण त्याचे तूस वरणात सापडू लागल्यावर त्याची गच्छंती झाली.

या प्रयोगांतून त्यांना जो सिद्धांत गवसला, तो मात्र खरा आहे व त्याची टिंगल मी करणार नाही. आपण ज्याला बाणाचा आवाज म्हणतो, तो पुष्कळदा बाणाचा नसतोच. लक्ष्य भिंतीला टेकले असेल तर भिंत बोलते, लाकडी घोडीवर ठेवले असेल तर फरशी बोलते, आणि बाण एकदम थांबला तर धक्का मोठा, रेंगाळत थांबला तर लहान. तेव्हा लक्ष्य मऊ, जड आणि अधांतरी पाहिजे. झाले! दिवाणखान्यातील झोपाळा, ज्यावर बसून वहिनींनी वर्षानुवर्षे भाजी निवडली होती, तो पदच्युत झाला आणि त्याच्या कड्यांना जुन्या सुती कपड्यांनी ठासलेली गोणपाटाची थैली टांगण्यात आली. कपडे भरण्यापूर्वी सदऱ्यांच्या गुंड्या, झंपरांचे हूक आणि विजारींच्या चेनी त्यांनी स्वहस्ते उसवून काढल्या, कारण धातूवर आपटले तर बाणाचे टोकही बिघडते व आवाजही होतो. माळ्यावरच्या बोचक्यातील साड्या तेवढ्या तपासल्या नाहीत. साडीस गुंडी नसते. कड्यांवाटे धक्का वरच्या मजल्यावर पोचू लागला म्हणून कडी व दोर यांच्यामध्ये टायरचा तुकडा घातला, आणि घरात खरोखरीच शांतता झाली.

येथून त्यांचे दुःख सुरू झाले. बाण लागल्याचे डोळ्यांना दिसे, पण ‘ठप्प’ असे ऐकू आल्याखेरीज ते मनास पटेना. म्हणून ते बाण सोडल्यावर स्वतःच हळूच ‘ठप्प’ म्हणू लागले. शिवाय अशी निःशब्द विद्या साध्य केल्याचे कोणालाच कळत नव्हते, आणि कळण्याचा एकुलता एक मार्ग त्यांनी इतक्या परिश्रमाने बुजविला होता. अखेरीस त्यांनी मला आणि वकीलसाहेबांना शांतता ऐकण्याचे रीतसर आमंत्रण दिले.

आम्ही गेलो. वकीलसाहेब फरशीला कान लावून बसले. बाण सुटला, थैली किंचित हलली, आवाज आला नाही. वकीलसाहेबांनी मान डोलावली, आणि धनुर्धरांनी विजयी मुद्रेने बाण उपटला तो त्याच्या टोकाबरोबर हातभर सोनेरी धागा बाहेर आला. वहिनी नेमक्या त्याच वेळी चहा घेऊन येत होत्या.

“अहो, ही जर आहे,” त्या म्हणाल्या.

थैलीचा पंचनामा आमच्या समक्ष झाला. लेंगे निघाले, अभ्रे निघाले, आणि त्यांच्या मधोमध, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली, लग्नातली पैठणी निघाली. घडीत असल्यामुळे एकेका बाणाने तिला चारचार ठिकाणी विद्ध केले होते. वहिनींनी ती जमिनीवर उलगडली. “सांगा की काहीतरी,” अशा नजरेने धनुर्धरांनी वकीलसाहेबांकडे पाहिले, पण त्यांनी, बहुधा आयुष्यात प्रथमच, वकीलपत्र नाकारले. तेव्हा धनुर्धर गुडघे टेकून खाली बसले, पदरावरच्या मोराभोवतीची छिद्रे त्यांनी बोटाने चाचपून पाहिली, आणि पुष्कळ आवरूनही त्यांच्या तोंडून निघून गेलेच, “ग्रुपिंग मात्र चांगलं आलंय हो!”