मास्तर, चाकणला या!

परदेशात नोकरीला गेलेल्या मास्तरांना आठवणी लिहिण्याची भारी हौस. प्रवास, नोकरी, इतिहास, राजकारण, सगळे एकाच वहीत! अशा युरोपीय, जपानी मास्तरांनी थेट चाकण गाठावे, इथल्या इंजिनिअरांना जर्मन किंवा जपानी शिकवावे. वही आपोआप भरेल.

प्रवासवर्णनाला चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी पुरेशी आहे. निगडीहून निघालेल्या मास्तरांचा तास वर्गापेक्षा गाडीतच जास्त होतो. इतिहासही वाटेवरच आहे. 1660 साली किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणच्या संग्रामदुर्ग या भुईकोटापुढे शाहिस्तेखानाची फौज जवळजवळ दोन महिने थोपवून धरली. आज ते काम कंटेनर करतात, तेही बिनपगारी. शिवाय खानासारखा सुरुंग लावूनही हलत नाहीत.

चालू घडामोडींसाठी तळेगावचा एकच कारखाना पुरे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने 2020 च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबवले. चीनची ग्रेट वॉल मोटर्स त्याआधीच तो घ्यायला आली होती. गलवानच्या चकमकीनंतर परवानगी अडकली आणि 2022 मध्ये सौदा मोडला. 2023 मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने करार केला. परराष्ट्र धोरणाचे तीन धडे एकाच फाटकातून आत-बाहेर झाले. जुने कामगार तेवढे कोर्टाच्या पायऱ्यांवर कामगार कायद्याचा धडा गिरवत राहिले.

गुंतवणूक आणायला सरकार दरवर्षी दावोसला जाते. मग चाकणला रस्ता आणायला कुठे जावे? मास्तर, हा प्रश्न परीक्षेत घालू नका. पेपर तपासायला येणारे साहेबही चौकातच अडकलेले असतील.