रा. रा. चुकलेला भाग यांस

रा. रा. चुकलेला भाग यांसी,
मुक्काम ढग (तुमच्या भाषेत क्लाउड), पिनकोडऐवजी ओटीपी.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, हल्ली तुम्ही सापडता. रात्री अडीच वाजतासुद्धा सापडता. याबद्दल आधी तुमचे अभिनंदन करावे आणि मग मनातले लिहावे असा बेत होता. पण अभिनंदन काही केल्या लेखणीतून उतरेना, म्हणून मनातलेच लिहितो.

तुम्ही पूर्वी कसे होतात ते आठवा. गेलात की गेलात. १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागरांचे ‘रामायण’ लागे आणि रस्ते ओस पडत. त्याच उन्हाळ्यात एका रविवारचा मुहूर्त धरून माझी मुंज लावली. डोक्यावर अक्षता पडल्या मात्र, निम्मा मांडव समोरच्यांच्या टीव्हीपुढे जाऊन बसला आणि मी झोळी घेऊन उरलेल्या निम्म्यापुढे भिक्षा मागत फिरलो. भिक्षावळही निम्मीच आली. तो भाग मला दिसला तो २०२० साली, टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवायला घेतली तेव्हा. तेहेतीस वर्षे कळ काढली. कथा वाल्मीकींच्या काळापासूनच फुटलेली होती म्हणून निभावले.

पुढे रोजच्या मालिका आल्या, पाठोपाठ भारनियमन आले, आणि तुम्ही घाऊक हुकू लागलात. मालिका साडेआठला आणि वीज जायची तीही साडेआठलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी भाग पुन्हा दाखवत, पण नेमके तेव्हाच नळाला पाणी येई. शेजारच्या काकूंकडे इन्व्हर्टर होता. रात्री जेवणाच्या वेळी उठून दुसऱ्याच्या घरी टीव्ही बघायला जाणे बरे दिसत नाही, म्हणून आई सकाळी जायची. हातात वाटी असे. आमच्या घरात त्या काळात साखर इतकी साठली की पुढची दिवाळी त्यातच झाली.

काकू तुम्हाला पाच मिनिटांत सांगून मोकळ्या होत. सून पायऱ्या उतरताना कशी थबकली, सासूने पदर कसा झटकला, सगळे उभे राहून करून दाखवीत. जाहिराती नाहीत, पार्श्वसंगीत तोंडानेच. त्यांच्या सांगण्यात दर भागात काहीतरी घडत असे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमचा पत्ता शोधणे कसे झाले आहे, ते तुम्हाला वर ढगात बसून कळायचे नाही. आईला वाहिन्यांची नावे ठाऊक नाहीत, मालिकांचीही अर्धवटच. तिच्या लेखी ‘ठरलं तर मग’ ही ‘सायलीची’. ती कुठल्या अ‍ॅपवर, हे मी शोधायचे. आणि अ‍ॅपे तरी एका नावाने नांदतील तर शपथ. ‘व्हूट’ २०२३ साली ‘जिओसिनेमा’च्या घरात गेले, ‘जिओसिनेमा’ आणि ‘हॉटस्टार’ यांनी १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एकत्र येऊन ‘जिओहॉटस्टार’ हे नाव लावले. ‘झी५’चा जन्मही १४ फेब्रुवारीचाच, २०१८चा. प्रेमाच्या दिवसावर या मंडळींचा भारी जीव. परिणाम असा की ‘कलर्स मराठी’ आणि ‘स्टार प्रवाह’, ज्या टीव्हीवर एकमेकींच्या सवती, त्या फोनवर एकाच छपराखाली राहतात. ‘झी मराठी’चे बिऱ्हाड वेगळे, ‘सोनी मराठी’चे ‘सोनी लिव्ह’वर. खुद्द प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्याच्या इफ्फीत ‘वेव्ह्ज’ नावाचे अ‍ॅप आणले. म्हणजे ज्या दूरदर्शनने मला तेहेतीस वर्षे ताटकळत ठेवले, तेही आता खिशात येऊन बसले.

पत्ता सापडला तरी दार उघडत नाही. आमच्या घरातल्या एका अ‍ॅपची (नाव कशाला घेऊ) वर्गणी जावईबापूंनी भरलेली, ओटीपी जातो त्यांच्या फोनवर, आणि ते बंगळुरूला मीटिंगमध्ये. आई त्यांना स्वतः फोन लावते. आधी प्रकृतीची चौकशी, मग पावसाची, मग ‘जेवलात का’, आणि ओटीपीचा विषय निघेपर्यंत त्याची मुदत संपलेली. जावयाला आल्याआल्या आकडा विचारायचा, हे तिच्या संस्कारात बसत नाही. भाच्याने मध्यंतरी एक फुकटची वाट दाखवली होती. चोरीच्या मालाची होती. शिवाय तिथे सायलीच्या तोंडावरून रमीची जाहिरात सरकत होती. आईने ती वाट सोडली ती नीतीमुळे की रमीमुळे, मी विचारले नाही.

पण माझी खरी तक्रार यापुढेच आहे. आई अकरा दिवस यात्रेला गेली. परतली तेव्हा तुम्ही अकरा जण हारीने उभे. गुडघ्याला तेल चोळत तिने तुम्हाला दोन दिवसांत संपवले. अकराच्या अकरा भागांत एक हळद झाली. हळदीची वाटी पडली, सावकाश, तीन बाजूंनी. मग घरातल्या चौदा जणांचे चेहरे एकेक करून. मग दुसऱ्या दिवशी तीच वाटी पुन्हा पहिल्यापासून पडली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही जन्माला येता तेच हुकण्यासाठी! प्रेक्षक कुकर बघायला उठणार, दारात कुरिअरवाला येणार, आठवड्यातून दोनदा आरती, लग्न नाहीतर मयत असणार, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो प्रत्येक गोष्ट तीनदा सांगतो. हुकण्यावरचा उतारा तुमच्या पोटातच असतो. आणि आम्ही खुळे, कुठले कुठले अ‍ॅप उघडून तो उतारा रोग नसताना घेत बसलो. त्यातही काही ठिकाणी जादा पैसे मोजले की तुम्ही टीव्हीच्या आधीच दिसता. म्हणजे न हुकलेला भाग आगाऊ भरून काढायचा! आमच्या सोसायटीत अशी एक वर्गणीदार बाई आहे. संध्याकाळी जिन्यात ती दिसली की बायका कानांवर हात ठेवून उतरतात.

आता काकूंचे सांगतो. साखरेच्या काळातली ती जुनी मालिका आईला अचानक एका अ‍ॅपवर सापडली. तिने ते सारे भाग काढले, जे तेव्हा काकूंच्या तोंडून ऐकले होते. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. चेहरा गंभीर.

“अरे, यात सून पायऱ्यांवर थबकतच नाही.”

“मग?”

“सरळ उतरून जाते. आणि सासूबाई त्या दिवशी घरीच नसतात.”

वीस वर्षांचा शेजार होता. मला वाटले, आता वाटीची देवाणघेवाण बंद. आईने चष्मा पुसला, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, “लिहिणाऱ्याचं चुकलंय. काकूंचं बरोबर होतं.”

तेव्हा यापुढे तुम्ही सापडलात काय आणि हरवलात काय, आमच्या घरात तुमचे वजन उतरले आहे, हे कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच. कळावे, लोभ असावाच असे नाही.

आपला,
ओटीपी मागणारा मुलगा

ता. क. काकूंचे परवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. काही दिवस टीव्ही बंद. आई रोज सकाळी तुम्हाला सांगायला त्यांच्याकडे जाते, वाटीशिवाय. काल मी दाराबाहेर चपला घालता घालता ऐकले. आदल्या रात्रीचा भाग मीही पाहिला होता. त्यात सासूने सुनेची माफी मागितलेली नव्हती. आईच्या सांगण्यात तिने मागितली, आणि काकू मध्येच म्हणाल्या, “अगं, जरा सावकाश. कशी मागितली, ते करून दाखव.”