मंडळी न सोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

मंडळी सोडायला अक्कल लागत नाही. सेक्रेटरींशी वाजलं, की पुढच्या रविवारी हॉल भाड्याने घेऊन भरणाऱ्या एखाद्या सहभागितेत जाऊन बसायचं. तिथे ड्रम असतो, गादीच्या खुर्च्या असतात, गाण्याचे शब्द पडद्यावर येतात. राहायला मात्र शास्त्र लागतं. नगरकडच्या जुन्या मराठी मंडळ्यांतील होतकरू सभासदांसाठी ते येथे देत आहोत.

नियम १. पंख्याखाली बसू नये. पंख्यावर नाव कोणाचं आहे ते आधी वाचावं. त्यांचे वारस अजून उपासनेला येतात. खांबामागची जागा उत्तम. उपदेश ऐकू येतो आणि आपले मिटलेले डोळे पाळकसाहेबांना दिसत नाहीत.

नियम २. सूचना सोसाव्यात. आमचे सेक्रेटरी सूचना आधी वाचतात, मग समजावून सांगतात, मग गेल्या रविवारी कोण ऐकत नव्हतं तेही सांगतात. भगिनी मंडळाची सभा बुधवारी चारला आहे, एवढ्याच मजकुराला त्यांना उपदेशाइतका वेळ लागतो. पाळक बदलून जातात, सेक्रेटरी बदलत नाहीत. विरोध केलात तर पुढच्या वर्षी तुम्हालाच कमिटीवर घेतील, म्हणजे दर महिन्याला तेच ऐकायचं, तेही समोर बसून. बरं, मनसोक्त शिव्या द्याव्यात तर तीही सोय नाही. कोणाच्या घरी मयत झाली की हाच माणूस मध्यरात्री कबरस्तानाची किल्ली घेऊन दारात उभा असतो. खड्डा खणणाऱ्याला उठवतो, शवपेटीवाल्याशी भाव करतो, लांबून येणाऱ्या लेकीसाठी वेळ पुढे ढकलतो. आणि त्या रात्री एकही सूचना देत नाही.

नियम ३. टिळकांचं नाव मध्ये आणू नये. मंडळी सोडणारा प्रत्येक जण ऐटीत म्हणतो, “अहो, रेव्हरंड टिळकांनीसुद्धा मिशन सोडलंच होतं!” सोडलं होतं, खरं आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामनांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, पगारावर पाणी सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तुम्हाला नाताळच्या कार्यक्रमात स्टेजवर खुर्ची मिळाली नाही. दोन्ही गोष्टी एका दमात सांगू नयेत. शिवाय टिळकांची भजनं अजून आमच्याच ‘उपासना संगीता’त आहेत, आणि आमच्या म्हाताऱ्या ती पुस्तक न उघडता म्हणतात. पेटीवाला मागे पडतो, त्या थांबत नाहीत.

नियम ४. उत्तम शुक्रवारी जेवून येऊ नये, पण पाणी पिऊन यावं. बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. पहिला वक्ता निम्मा वेळ खातो, सातव्याला आशीर्वादापुरती जागा उरते. पाचवा उद्गार तहानेचा. नगरच्या उन्हात त्यावर कोणीही मनापासून बोलतो.

नियम ५. वर्गणी वेळेवर भरावी, पावती जपावी. वार्षिक सभेत मतदारयादी वाचली जाते तेव्हाच कळतं, की ज्यांची थकबाकी आहे त्यांनाच सर्वांत जास्त बोलायचं होतं.

नियम ६. मंडळीतली भांडणं मिटवायला जाऊ नये. १९७० साली नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. आमच्याकडच्या दोन घराण्यांचं मात्र अजून जमायचं आहे. एक डावीकडच्या बाकांवर, एक उजवीकडच्या. प्रभुभोजनालाही वेगवेगळ्या रांगेने येतात, हे बरं दिसत नाही. पाळकसाहेबांनी सांगून पाहिलं, बिशपसाहेबांनीही. पण कापणीच्या सणाला लिलाव सुरू झाला की या वैराचा उपयोग कळतो. ऊस, कणसं, अंडी किरकोळीत जातात. मग भोपळा येतो. बाजारात पन्नासला मिळणारा भोपळा डावीकडचे दोनशेला मागतात, उजवीकडचे तीनशेला. सातशेला घेतात आणि ऐटीत परत दान करतात, की पुन्हा बोली सुरू. देवळाची कौलं अशीच बदलून झाली. कोंबडीही तीनदा विकली जाते आणि शेवटी पाळकसाहेबांच्या घरी पोचते.

यंदाचा भोपळा आमच्या परसातला आहे. दोन्ही बाजूंना नम्र विनंती, बोली पाचशेच्या खाली सोडू नये.